विकसनशील देशांतला पोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोममध्ये पोपपद रिकामं झालं की वसई, वांद्रे, मडगाव इथल्या घराघरांत एकच विचारणा सुरू होते: यंदा आपल्याकडचा कुणी होईल का? पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले तेव्हा ती झाली, आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आल्यावरही थांबलेली नाही. कॅथलिक नसलेली मित्रमंडळीही हल्ली विचारतात, बहुधा टीव्हीवर ती धुराची चिमणी तासन्‌तास पाहून. नेहमीचे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका दमात संपली आहेत.

विकसनशील देशातला पोप आजवर झालेलाच नाही, हे खरं का?

नाही. फ्रान्सिस, म्हणजे होर्हे मारिओ बेर्गोलिओ, अर्जेंटिनाचे होते. १३ मार्च २०१३ रोजी ते निवडून आले. लॅटिन अमेरिकेतले ते पहिले पोप आणि जेज्वीट संघातलेही पहिलेच. बारा वर्षं त्यांनी पद सांभाळलं. आधुनिक काळात आफ्रिकेतला किंवा आशियातला पोप झालेला नाही, असं म्हणायचं असेल तर ते बरोबर आहे. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते, आणि मग ‘प्रथमच तिसऱ्या जगाला संधी?’ असे मथळे २०२५ मध्येही छापून येतात.

पण फ्रान्सिस मुळात इटालियनच ना?

घराण्याने, होय. वडील इटलीच्या पिएमाँते भागातून १९२९ साली अर्जेंटिनाला गेले, आईचं घराणंही उत्तर इटलीतलंच. इटालियन भाषा त्यांच्या घरात होती. २०१३ मध्ये जुन्या वळणाच्या कार्डिनलांना (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना) हे नाव गळी उतरवणं त्यामुळे सोपं गेलं असणार, असं मला वाटतं. युरोपबाहेरचा माणूस, पण जेवणाच्या टेबलावर परका न वाटणारा.

तरी माणूस कुठे घडला याला महत्त्व आहे. ब्वेनोस आयरेसच्या झोपडपट्ट्यांत राहून काम करणाऱ्या धर्मगुरूंच्या पाठीशी आर्चबिशप म्हणून ते उभे राहिले. २००१ साली अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांत अडकलेले पैसे मागत लोक रस्त्यावर आले, तो काळ त्यांनी त्या शहरात काढला. २००७ मध्ये ब्राझीलच्या अपारेसिदा इथे लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद झाली. तिचा अंतिम दस्तऐवज तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख तेच होते. पोप झाल्यावर त्यांनी जे जे बोलायला सुरुवात केली त्यातलं बरंचसं त्या दस्तऐवजात आधीच आहे. निवडणुकीत दोन-तृतीयांश मतं पडली तेव्हा शेजारी बसलेले ब्राझीलचे कार्डिनल क्लाउदिओ हुम्मेस त्यांना मिठी मारून म्हणाले, गरिबांना विसरू नका. फ्रान्सिस हे नाव त्या क्षणी सुचलं, असं त्यांनी स्वतःच तीन दिवसांनी पत्रकारांना सांगितलं होतं. हे बोलणं दोन लॅटिन अमेरिकनांमध्ये झालं.

प्राचीन काळी आफ्रिकन पोप होऊन गेले म्हणतात. खरं?

खरं आहे. व्हिक्टर पहिले (दुसऱ्या शतकाचा शेवट), मिल्तियादेस (३११ ते ३१४) आणि गेलासियस पहिले (४९२ ते ४९६) हे तिघं आफ्रिकन वंशाचे मानले जातात. पण ‘आफ्रिका’ म्हणजे तेव्हाचा रोमन साम्राज्याचा उत्तर आफ्रिकेतला प्रांत, आजच्या ट्युनिशियाच्या आसपासचा. ते रोमन जगातलेच लोक होते. त्यांच्या कातडीच्या रंगावरून आज जे वाद घातले जातात त्यांना आधार नाही.

सीरियातूनही पोप आले. त्यांतले ग्रेगरी तिसरे ७४१ साली वारले. त्यानंतर युरोपबाहेर जन्मलेला पोप थेट २०१३ मध्ये. आणि ज्यांच्यापासून ही परंपरा मोजतात ते पेत्र तर गालिलीच्या सरोवरातले कोळी, म्हणजे आशियातलेच.

मग मधली पावणेतेराशे वर्षं काय झालं?

सोपं उत्तर ‘वंशभेद’ असं दिलं जातं. तो होताच, पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही.

पोप हा आधी रोमचा बिशप असतो. शेकडो वर्षं ही निवडणूक रोमच्या आणि इटलीच्या घराण्यांची होती. पोपकडे १८७० पर्यंत मध्य इटलीतलं राज्य होतं, तेव्हा या पदात जमीन, कर आणि फौज हेही येत होतं. स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया यांच्या राजांचा हात आत असायचा. अगदी १९०३ मध्येसुद्धा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने क्राकोच्या कार्डिनलने कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पोप निवडण्याच्या बंद बैठकीत, उभं राहून रामपोल्ला या उमेदवाराला नकार कळवला. निवडून आलेल्या पायस दहाव्यांनी पुढच्याच वर्षी हा अधिकार मोडून काढला. अशा व्यवस्थेत आफ्रिकन तर सोडाच, शेजारच्या देशातलाही माणूस पोप होत नव्हता. १५२३ साली वारलेले एड्रियन सहावे नेदरलंड्सचे, आणि त्यांच्यानंतरचे पहिले बिगरइटालियन पोप म्हणजे १९७८ चे पोलिश जॉन पॉल दुसरे. त्यांच्या निवडीपर्यंत ४५५ वर्षं इटलीबाहेर कुणी पाहिलंच नव्हतं.

अंतराचाही प्रश्न होता, तोही अगदी शब्दशः. पोप वारल्यावर दहा दिवसांत कॉन्क्लेव्ह सुरू व्हायचं. १९१४ मध्ये दोन अमेरिकन कार्डिनल अटलांटिक ओलांडून पोचले तोवर निवड झालेली होती. १९२२ मध्ये बॉस्टनच्या कार्डिनल ओ’कॉनेल यांच्यावर पुन्हा तीच वेळ आली. ते बरेच संतापले. त्यानंतर पायस अकराव्यांनी ही मुदत वाढवून पंधरा दिवसांची केली, गरज पडल्यास अठरा. श्रीमंत अमेरिकेची ही कथा, तर मुंबईच्या बोटीने निघालेल्याचं काय झालं असतं? पण मुंबईत तेव्हा कार्डिनलच नव्हता, आणि खरी गोम तिथेच आहे.

पोप कार्डिनलांतून होतो, कार्डिनल बिशपांतून होतात आणि बिशप धर्मगुरूंतून. वसाहतींमध्ये बिशप युरोपियन असत. स्थानिक माणसाला धर्मगुरू करतानाही हात आखडता घेतला जाई. कोंगोच्या राजाचा मुलगा एन्रिके १५१८ मध्ये बिशप नेमला गेला होता, पण तो धागा तिथेच तुटला. सहाराच्या दक्षिणेला लॅटिन परंपरेतले (रोमची उपासनापद्धत पाळणारे) आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय बिशप, युगांडाचे जोसेफ किवानुका, १९३९ साली झाले. पायस अकराव्यांनी सहा चिनी बिशपांना १९२६ मध्ये रोमला बोलावून दीक्षा दिली. चीनचे थॉमस तिएन १९४६ साली पूर्व आशियातले पहिले कार्डिनल झाले, टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचे) लॉरियन रुगाम्ब्वा १९६० साली आधुनिक आफ्रिकेतले पहिले. लॅटिन अमेरिकेला पहिला कार्डिनल १९०५ मध्येच मिळाला होता, ब्राझीलचे आर्कोव्हेर्दे. तिथून पोपपर्यंत १०८ वर्षं लागली. शिडीच्या खालच्या पायऱ्या ज्याने आधी चढल्या तो वर आधी पोचला. आफ्रिका आणि आशिया आज कुठे आहेत याचा हिशोब याच शिडीवर करावा असं माझं मत आहे. निवडणुकीच्या दिवशी वर्तमानपत्रात कुणाचा फोटो आला यावर नाही.

भारतात ही शिडी कधी सुरू झाली?

गोव्यापासून, आणि तीही भांडणातून. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो हे ब्राह्मण घराण्यातून आलेले ख्रिस्ती. पोर्तुगीज गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तिथे दीक्षा झाली आणि १६३७ मध्ये रोमने त्यांना बिशप केलं. कामाचा प्रदेश दिला विजापूरच्या आदिलशाहीतला, म्हणजे पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरचा. गोव्याच्या आर्चबिशपांनी आणि पोर्तुगीज सरकारने त्यांना शेवटपर्यंत मानलं नाही. पूर्वेकडच्या चर्चवर हुकूम पोर्तुगालच्या राजाचा की पोपचा, हा तो वाद होता आणि त्यात एक गोवेकर भरडला गेला. रोम इथे स्थानिक माणसाच्या बाजूने होतं आणि अडवणूक स्थानिक सत्तेची होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांच्यामागून एक-दोन नावं झाली, पण परंपरा उभी राहिली नाही. केरळच्या सीरियन कॅथलिकांना स्वतःचे बिशप १८९६ मध्ये मिळाले. लॅटिन परंपरेत आधुनिक काळातले पहिले भारतीय बिशप म्हणजे तुतिकोरिनचे तिबुर्तियुस रोश, १९२३ साली.

मध्ये एक पुण्याचा दुवा आहे. लिओ तेराव्यांनी १८९३ मध्ये स्थानिक धर्मगुरू घडवण्यासाठी श्रीलंकेतल्या कँडीला सेमिनरी काढली. परदेशी मिशनरी कायमचे पुरणार नाहीत, भारताला स्वतःचे धर्मगुरू हवेत, असं त्यांनी त्या वेळी स्पष्ट लिहिलं. तीच संस्था १९५५ मध्ये पुण्याला आली आणि आजही पेपल सेमिनरी या नावाने नगर रस्त्याला चालू आहे. आताच्या पोपने त्याच लिओंचं नाव घेतलं आहे. कारण वेगळं आहे, कामगारांच्या प्रश्नावरची त्यांची भूमिका, पण पुण्यातल्या लोकांना दुसरी आठवण झाली तर नवल नाही.

मुंबईची गोष्ट तर सांगायलाच हवी. इथे आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश नेमायचा असा करार होता. १९३७ मध्ये आलेले थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेज्वीट. त्यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप म्हणून दीक्षा दिली, कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईतून निघून गेले. औपचारिक राजीनामा १९५० मध्ये मंजूर झाला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, ते भारताचे पहिले कार्डिनल. १९५८ आणि १९६३ या दोन्ही कॉन्क्लेव्हमध्ये त्यांनी मत दिलं. खुर्ची रिकामी करून देणारा असा आर्चबिशप विरळाच. गोव्याला मात्र पहिला गोमंतकीय आर्चबिशप १९७८ मध्ये मिळाला, राउल गोन्साल्विस.

निवडणूक होते तरी कशी?

ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल मत देतात. ही वयाची अट पॉल सहाव्यांनी १९७० मध्ये घातली. मतदान सिस्टिन चॅपेलमध्ये, गुप्त, आणि निवडीला दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२५ मध्ये १३३ जणांनी मत दिलं, म्हणजे ८९ मतांची गरज होती. दुसऱ्या दिवशी, चौथ्या फेरीत निकाल लागला. देशानुसार कोटा नाही, खंडानुसार पाळी नाही. मुंबईतला तो जुना आलटून-पालटूनचा करार इथे लागू नाही.

मतदारांत गरीब देशांचं बळ किती आहे?

पूर्वीपेक्षा खूप जास्त, लोकसंख्येच्या मानाने अजूनही कमी. २०१३ मध्ये ११५ मतदारांपैकी ६० युरोपचे होते, त्यांतले २८ इटालियन. २०२५ मध्ये पात्र मतदार १३५ होते. युरोप ५३, आशिया २३, आफ्रिका १८, मेक्सिकोसह लॅटिन अमेरिका २३, अमेरिका आणि कॅनडा मिळून १४, ओशनिया ४.

आता दुसरी बाजू. जगात कॅथलिक सुमारे १४० कोटी. १९१० च्या सुमारास त्यांतले जवळपास दोन-तृतीयांश युरोपात होते, आज पाचातला एक. आफ्रिकेतही आता पाचातला एक आहे, आणि लॅटिन अमेरिकेत सुमारे ४० टक्के. म्हणजे युरोप आणि आफ्रिका यांची कॅथलिक संख्या साधारण सारखी, पण एकाला ५३ मतं आणि दुसऱ्याला १८. लॅटिन अमेरिकेची तूट तर आणखी मोठी आहे. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण तिथला पोप होऊन गेला.

फ्रान्सिस यांनी हे गणित मुद्दाम हलवलं. मिलान, व्हेनिस, पॅरिस इथल्या आर्चबिशपांना पूर्वी लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, जवळपास ठरलेली असे. त्यांनी ती दिली नाही. उलट टोंगा, हैती, केप व्हर्दे, म्यानमार, पापुआ न्यू गिनी, पूर्व तिमोर, लाओस इथे कार्डिनल नेमले. मंगोलियात कॅथलिक दीड हजारांच्या आसपास, तिथेही एक (जन्माने इटालियन असला तरी). हैदराबादचे अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले, ते पहिले दलित कार्डिनल. याआधी २००३ मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी रांचीच्या तेलेस्फोर टोप्पो यांना नेमलं होतं, ते पहिले आदिवासी.

या पद्धतीचा एक तोटा झाला. इतके दूरदूरचे लोक एकमेकांना ओळखतच नव्हते. २०२५ च्या बैठकांत अनेकांची एकमेकांशी पहिलीच भेट होती. ओळख नसली की माणूस ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो, आणि ओळखीचे चेहरे रोममध्ये काम करणाऱ्यांचेच असतात.

मग २०२५ मध्ये आफ्रिकन किंवा आशियाई का निवडून आला नाही?

मतदान गुप्त असतं, त्यामुळे आतली म्हणून जी आकडेवारी फिरते तिच्यावर भिस्त ठेवू नये. बाहेरून जे दिसतं ते असं. आफ्रिकेची मतं थोडी आणि ती एका नावामागे उभी असल्याची चिन्हं नव्हती. घानाचे पीटर टर्कसन, काँगोचे फ्रिदोलिन आम्बोंगो, गिनीचे रोबेर सारा या तिघांची चर्चची कल्पना एकसारखी नाही. फिलिपिन्सचे लुईस अंतोनियो ताग्ले लोकप्रिय होते, पण ते अध्यक्ष असलेल्या कारितास या चर्चच्या जागतिक मदतसंस्थेचं नेतृत्व फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये बरखास्त केलं होतं, आणि प्रशासक म्हणून ते कसे, हा प्रश्न त्यांच्यामागे लागला. सगळ्यांत जास्त चर्चा इटलीचे पारोलिन यांची होती. पोप म्हणून आत जाणारा कार्डिनल म्हणूनच बाहेर येतो, ही रोमची जुनी म्हण त्यांच्या बाबतीत खरी ठरली.

रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजे आताचे लिओ चौदावे, यांच्याकडे एक गोष्ट होती जी इतर कुणाकडे एवढी नव्हती: ओळखी. ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख म्हणून बारा वर्षं ते देशोदेशी फिरले, केरळलाही येऊन गेले. २०२३ पासून जगभरातल्या बिशपांच्या नेमणुका पाहणारं खातं त्यांच्याकडे होतं. इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन तिन्ही चालतात.

लिओ चौदावे कुठले धरायचे, अमेरिकेचे की पेरूचे?

जन्म शिकागोचा, पासपोर्ट दोन्हींचे. १९८५ मध्ये ते पहिल्यांदा पेरूला गेले. तरुण वयातली बरीच वर्षं त्रुहियोमध्ये गेली, आणि पुढे २०१५ ते २०२३ चिक्लायोचे बिशप होते. २०१५ मध्येच त्यांनी पेरूचं नागरिकत्व घेतलं. निवडून आल्यावर सज्जातून बोलताना त्यांनी मध्येच स्पॅनिशमध्ये चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला. इंग्रजीत एक शब्द नाही.

महासत्तेतला पोप नको, असा एक अलिखित संकेत होता. पेरू नसता तर तो मोडला गेला असता असं मला वाटत नाही. तरीही त्यांना ‘विकसनशील जगातला पोप’ म्हणणं ओढूनताणून होईल. मिशनरी म्हणून जाणारा माणूस तिकडचा होऊ शकतो, पण तो स्वतः निवडून तिकडे गेलेला असतो.

आफ्रिकेतला पोप आला तर चर्च पुरोगामी होईल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याची बहुधा निराशा होईल. गरिबी, कर्ज, हवामान, स्थलांतर यांवर आफ्रिकन बिशप कडक बोलतात. कुटुंब आणि लैंगिकता यांवर त्यांतले बरेच युरोपियन बिशपांहून जुन्या वळणाचे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देता येईल असं जाहीर केलं. तीन-चार आठवड्यांत आफ्रिकेतल्या बिशप परिषदांच्या वतीने आम्बोंगो यांनी पत्रक काढलं: आमच्याकडे हे होणार नाही. फ्रान्सिस यांनीही ते चालवून घेतलं. तेच आम्बोंगो पूर्व काँगोतल्या खाणींच्या लुटीवर आणि स्वतःच्या सरकारवर तुटून पडतात. युरोपातल्या डाव्या-उजव्याच्या खणांत हा माणूस बसवता येत नाही. त्याच आफ्रिकेतले टर्कसन समलैंगिकता हा गुन्हा ठरवू नये असं जाहीरपणे म्हणाले. सारा यांचा जीव जुन्या उपासनापद्धतीत. तेव्हा खंड कळला म्हणून मतं कळली, असं होत नाही.

भारतीय पोपची शक्यता किती?

नजीकच्या काळात कमी, पण हसण्यावारी नेण्याइतकी नाही. २००५ मध्ये मुंबईचे आर्चबिशप इव्हान डायस यांचं नाव गंभीरपणे घेतलं जात होतं. वांद्र्यात जन्मलेले, व्हॅटिकनच्या राजदूतसेवेत घाना, कोरिया, अल्बानिया पाहिलेले, अनेक भाषा येणारे. पुढच्या वर्षी त्यांना रोमला बोलावून मिशनकार्याचं मोठं खातं दिलं गेलं. मुंबईचेच ओस्वाल्ड ग्रेशस २०१३ पासून फ्रान्सिस यांच्या सल्लागार कार्डिनलांत होते, पण डिसेंबर २०२४ मध्ये ऐंशी पूर्ण झाल्याने चार महिन्यांनी आलेलं कॉन्क्लेव्ह हुकलं. मरोळचे, मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातले सायमन पिमेंटा १९८८ मध्ये कार्डिनल झाले. ते ऐंशीचे होईपर्यंत एकही निवडणूक झाली नाही, त्यामुळे त्यांना मत देण्याची वेळच आली नाही.

२०२५ मध्ये भारताची चार मतं होती: गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, तिरुवनंतपुरमचे बसेलियोस क्लीमिस, हैदराबादचे पूला आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे केरळचे जॉर्ज कूवक्काड. २०१३ मध्ये पाच होती. भारतात कॅथलिक दोन कोटींच्या आसपास, ही संख्या बऱ्याच युरोपीय देशांपेक्षा मोठी, पण देशाच्या लोकसंख्येत दोन टक्क्यांहूनही कमी. शिवाय लॅटिन, सीरो-मलबार आणि सीरो-मलंकर अशा तीन परंपरा. चारपैकी दोघं पौर्वात्य, म्हणजे यांतल्या शेवटच्या दोन, परंपरांतले. त्यांच्यातला कुणी रोमचा बिशप झाला तर तो आणखी एक ‘पहिला’ ठरेल.

‘काळा पोप आला की जग बुडणार’ असा मेसेज फिरतोय…

कृपया पुढे पाठवू नका. ‘काळा पोप’ हे जेज्वीट संघाच्या प्रमुखाचं जुनं टोपणनाव आहे, त्याच्या काळ्या झग्यावरून. त्याचा वंशाशी संबंध नाही. बुडण्याची जी यादी फिरते ती संत मालकी यांच्या नावावर खपवलेली, १५९५ मध्ये छापली गेलेली बनावट भाकितं आहेत. त्या यादीत शेवटचा पोप ‘रोमन पीटर’ आहे, म्हणून टर्कसन यांचं पहिलं नाव पाहून काहींना कापरं भरलं होतं. यादी फ्रान्सिसपाशी संपत होती. त्यानंतर लिओ आले आणि जग चालू आहे.

पोप गरीब देशातला असल्याने त्या देशांना काय मिळतं?

पैसा नाही. व्हॅटिकनला येणाऱ्या देणग्यांत अमेरिका, जर्मनी, इटली यांसारख्या देशांचा वाटा मोठा आहे, आणि पोप कुठलाही असो, ते लगेच बदलत नाही. मिळतं ते लक्ष. फ्रान्सिस यांचा रोमबाहेरचा पहिला दौरा जुलै २०१३ मध्ये लाम्पेदुसा बेटाचा होता, जिथे समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांची प्रेतं लागत. २०१५ च्या जुबिली या विशेष पवित्र वर्षाचं पवित्र द्वार त्यांनी रोमच्या आधी मध्य आफ्रिकेतल्या बांगीत उघडलं, तिथे यादवी चालू असताना. २०२३ मध्ये काँगोच्या राजधानीत, किन्शासात उभं राहून त्यांनी परदेशी कंपन्यांना आणि सरकारांना सुनावलं की आफ्रिका ही ओरबाडायची खाण नव्हे. या दौऱ्यांनी खाणी बंद झाल्या नाहीत. पण जगाचे कॅमेरे दोन दिवस तिथे होते, आणि तिथल्या बिशपांच्या पाठीशी कुणी आहे हे तिथल्या सरकारांना दिसलं.

उलट दिशेचा बदल जास्त खोल आहे असं मला वाटतं, आणि त्याला पोपची गरजही लागलेली नाही. जर्मनीतल्या एखाद्या गावच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा सांगणारा फादर आज केरळचा किंवा नायजेरियाचा असतो. तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना त्याचं जर्मन कळायला वेळ लागतो, पण दुसरा धर्मगुरू मिळत नाही. युरोपच्या सेमिनऱ्या ओस पडताहेत, आफ्रिकेतल्या भरल्या आहेत. शिडीची सर्वांत खालची पायरी केव्हाच सरकली आहे.

पुढच्या वेळी कोणाकडे पाहायचं?

लिओ निवडून आले तेव्हा ६९ वर्षांचे होते, तेव्हा घाई नको. २०३५ च्या पुढे निवडणूक झाली असं धरलं तर आजची बरीच नावं वयातून बाद होतात. फेर्राव २०३३ मध्येच ऐंशीचे होतील. ताग्ले २०३७ पर्यंत, क्लीमिस २०३९, आम्बोंगो २०४०, पूला २०४१ पर्यंत मतदार राहतील. कूवक्काड यांचा जन्म १९७३ चा, त्यांना २०५३ पर्यंत मत आहे. आजपासून जे कार्डिनल नेमले जातील ते लिओंचे असतील, म्हणून नावांपेक्षा त्यांच्या याद्यांवर नजर ठेवलेली बरी. आफ्रिकेची १८ मतं २५-३० झाली तर चित्र बदलेल. ती तेवढीच राहिली तर मथळे येत राहतील आणि निकाल येणार नाही.

कार्डिनल नसलेल्या, समजा वसईतल्या एखाद्या धर्मगुरूला थेट पोप करता येतं का?

नियमाने येतं. बाप्तिस्मा झालेला कोणताही कॅथलिक पुरुष चालतो. तो बिशप नसेल तर आधी त्याला बिशपपदाची दीक्षा देतात आणि मग तो पोप होतो. कार्डिनल नसलेला पोप शेवटचा झाला तो १३७८ साली, अर्बन सहावे. त्यांच्या निवडीनंतर चर्चमध्ये जी फूट पडली ती निस्तरायला चाळीस वर्षं लागली, आणि पुन्हा कुणी तो प्रयोग केला नाही.